रंगाचा पैसा अक्षरांवर लावा

प्रति,
अध्यक्ष, सदस्य-सचिव आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, वर्धा



रंगीत ई-रीडर विकत घेण्याचा प्रस्ताव आज आपल्यासमोर आहे, असे माझे म्हणणे नाही. पण तो यायला फार दिवस लागतील असेही वाटत नाही. शाळांत डिजिटल फळे आले, ‘महाज्योती’ने जेईई-नीटच्या मुलांना टॅब दिले, आणि जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांचे शीर्ष तर असतेच. मार्च जवळ आला की त्या शीर्षाखाली नवे काय बसवता येईल याची शोधाशोध सुरू होते. २०२४ या एकाच वर्षात कोबो, अ‍ॅमेझॉन आणि रीमार्केबल या तीन कंपन्यांनी रंगीत ई-शाईची यंत्रे बाजारात आणली. बैठकीत असे यंत्र हातोहात फिरले, मुखपृष्ठ रंगीत दिसले, की ‘साधे कशाला, रंगीतच घेऊ’ असे कुणीतरी म्हणणारच. त्या क्षणाआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोचावे, एवढाच हेतू. माझे मत आधीच सांगून टाकतो. वाचनालयांसाठी ई-शाईची यंत्रे जरूर घ्या, पण काळी-पांढरी घ्या आणि मोजकी घ्या. रंगावर जो पैसा आणि जे लक्ष जाईल, ते मराठी मजकूर यंत्रावर वाचण्याजोगा करण्यासाठी लावा.

ई-शाईला माझा विरोध नाही. उलट आपल्या जिल्ह्याला साजेसे वाचनयंत्र कोणते असेल तर तेच. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड टाकतो, म्हणून बाहेरच्या उन्हात तो फिका पडतो. ई-शाईचा पडदा कागदासारखा बाहेरचाच उजेड परतवतो, त्यामुळे ऊन जितके कडक तितकी अक्षरे ठळक. पडद्यातल्या बारीक कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात. वीज लागते ती फक्त पान उलटताना हे कण हलवायला. एकदा पान उमटले की ते तसेच राहते, आणि म्हणून एका चार्जवर यंत्र काही आठवडे चालते. लाइन गेली म्हणून वाचन थांबत नाही. त्यावर रील दिसत नाही, फोन येत नाही, आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा उणेपणाच त्याचा मोठा गुण आहे. इथपर्यंत सगळे ठीक. प्रश्न रंगापाशी सुरू होतो.

बाजारातल्या बहुतेक रंगीत ई-रीडरमध्ये ‘कॅलिडो’ नावाचे तंत्र असते. त्याची तिसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि सध्या तीच चालते. नाव भारदस्त असले तरी युक्ती सोपी आहे: नेहमीच्याच काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची एक चाळणी बसवलेली असते. उजेड या चाळणीतून आत जातो, पांढऱ्या कणांवर आपटतो आणि त्याच चाळणीतून बाहेर येतो. दोनदा गाळला गेल्यामुळे तो थोडा उरतो, आणि ज्याला आपण पांढरे पान म्हणू ते राखी दिसते. ते उजळायला यंत्राचा आतला दिवा वाढवावा लागतो; दिवा वाढला की बॅटरी लवकर उतरते आणि ई-शाईचा मूळ फायदाच कमी होतो. काळी अक्षरे इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, रंगीत भाग मात्र १५० ठिपक्यांनी. लांबीत निम्मे आणि रुंदीत निम्मे, म्हणजे तेवढ्याच जागेत ठिपके चौथाईच. रंगांची संख्या ४,०९६. साध्या मोबाइलच्या पडद्यावरही लाखो रंग दिसतात, तेव्हा या आकड्याने दिपून जाण्याचे कारण नाही.

आता हे यंत्र वाचणार कोण, ते पाहू. तालुक्याच्या वाचनालयात आज तीन प्रकारचे वाचक दिसतात: सकाळी वर्तमानपत्राला येणारी वडीलधारी मंडळी, कादंबऱ्या आणि दिवाळी अंक घरी नेणाऱ्या गृहिणी, आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुले. यातल्या पहिल्या दोघांना ई-रीडरचा सर्वात मोठा लाभ कोणता? अक्षर मोठे करता येते. मोतीबिंदूने किंवा वयाने नजर मंदावली म्हणून हरिभाऊ आपट्यांची कादंबरी सोडून दिलेल्या वाचकाला ती पुन्हा हाती घेता येते. पण मंद नजरेला नुसते मोठे अक्षर पुरत नाही. अक्षर आणि पान यांच्यातला उठाव लागतो, आणि रंगाची चाळणी नेमका तोच कमी करते. देवनागरीला हा तोटा रोमनपेक्षा जास्त जाणवतो. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, मात्रा, रफार; खाली उकार, ऋकार, हलन्त. अर्थ बदलून टाकणाऱ्या या सगळ्या खुणा अक्षराच्या कडेला, अगदी बारीक आकारात असतात. काळ्या मजकुरात त्या शाबूत राहतात, पण चाळणीमुळे पानावर वाळूसारखी एक बारीक खरखर दिसते आणि अनुस्वाराचा ठिपका तिच्यातून वेगळा ओळखायला डोळ्याला जोर द्यावा लागतो. तेच मथळे लाल किंवा निळे असतील, तर ते चौथाई ठिपक्यांवर येतात. म्हणजे जिथे रंगाचे काही काम नाही, त्या कथा-कादंबऱ्या, चरित्रे, ग्रामगीता, ज्ञानेश्वरी अशा वाचनात रंगीत पडदा काही देत नाही. उलट थोडे काढूनच घेतो. (दिवाळी अंकात रंग असतो म्हणावे, तर त्यातली रंगीत पाने बहुतेक सराफांच्या, पतसंस्थांच्या आणि मसाल्यांच्या जाहिरातींची असतात.)

यावर साहजिक उत्तर येईल: कादंबरीला नको, पण माहितीच्या पुस्तकांना रंग हवाच. हे उत्तर वजनदार आहे, म्हणून ते नीट तपासू. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा. कपाशीवर लाल्या आला की पान कडेकडून तांबूस होत जाते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की हिरव्या पानावर पिवळे चट्टे पडतात. २०२३ च्या खरिपात विदर्भाने तो पुरेपूर पाहिला. कृषी विभागाची पुस्तिका वाचनालयातल्या यंत्रावर उघडली, तर शेतकऱ्याला तिच्यातून काय हवे असते? पिवळेपणा अन्नद्रव्याच्या कमतरतेचा की रोगाचा, तांबूसपणा नुकता सुरू झालेला की पुढे गेलेला, हा फरक. म्हणजे दोन जवळच्या छटांमधला फरक, आणि फिक्या पडलेल्या रंगांत पहिल्यांदा बुजतो तो हाच. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचे तसेच. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या छायाचित्रात निदान उभे असते ते गुलाबी आणि जांभळ्याच्या छटांवर. असे चित्र राखी पानावर, १५० ठिपक्यांत पाहून कुणी शिकायला बसले तर शिक्षकच त्याला उठवतील. गोम इथेच आहे. रंग जिथे नुसती शोभा आहे, तिथे रंगीत ई-रीडर वाचन किंचित बिघडवतो. आणि रंग जिथे ज्ञान आहे, तिथे तो पुरा पडत नाही. मधली एक चिंचोळी जागा उरते: आलेखातल्या वेगवेगळ्या रेषा, महत्त्वाच्या ओळींना पिवळी-हिरवी खूण, ठळक रंगांतली व्यंगचित्रे. स्वतःच्या खिशातून यंत्र घेणाऱ्या हौशी वाचकाला ही जागा पुरेशी वाटू शकते, आणि त्याने खुशाल घ्यावे. सार्वजनिक पैशाला मात्र ती पुरत नाही.

नकाशे आणि पाठ्यपुस्तके यांचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण खरेदीचा प्रस्ताव बहुधा त्याच वाटेने येईल. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात आणि ती रंगीत आहेत. मग रंगीत यंत्र आणि मोफत पुस्तक यांची गाठ का घालू नये? कारण पीडीएफचे पान छापील पानासारखे घट्ट असते. मजकूर मोठा केला की तो नव्या रुंदीत पुन्हा वाहत नाही, सगळे पानच फुगते. बालभारतीचे मोठे पान सहा-सात इंचांच्या पडद्यात कोंबले तर अक्षर मुंगीएवढे होते. मोठे केले तर मुलाला ओळीगणिक पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते, आणि ई-शाईच्या पडद्यावर असे सरकवणे म्हणजे दर वेळी एक क्षण थांबणे. मोठ्या आकाराची रंगीत यंत्रे आहेत, पण २०२४ मध्ये रीमार्केबलच्या मोठ्या रंगीत यंत्राची किंमत ५७९ डॉलरपासून सुरू होत होती. त्यात चाळणी नाही, कुपीतलेच कण रंगीत आहेत. रंग अधिक खरे दिसतात, पण रंगीत पान उमटायला वेळ लागतो. नकाशा पाहायचा असेल तर शाळेच्या भिंतीवरचा छापील नकाशा अजूनही सर्वात चांगला. तो चाळीस मुलांना एकाच वेळी दिसतो.

लहान मुलांच्या बाबतीत रंगाची बाजू सर्वात भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत. एवढा ऐवज फुकट असताना आष्टी-कारंज्याच्या एखाद्या वस्तीशाळेतल्या मुलाला तो राखी रंगात का दाखवायचा? दाखवू नयेच. पण त्यासाठी यंत्र कशाला? चित्रपुस्तक हे एकट्याने वाचायचे पुस्तक नव्हे. चार मुले भोवती बसतात, बाई पान धरतात, बोटे चित्रावर फिरतात, पान मागे-पुढे होते, कधी फाटतेही. सहा इंचांच्या, पडला तर तडकणाऱ्या पडद्यावर हे होत नाही. स्टोरीवीव्हरच्या परवान्यात तर श्रेय देऊन छापायचीही मुभा आहे. वर्ध्यातल्या छापखान्यात जिल्ह्यापुरती आवृत्ती सहज काढता येईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात आलेल्या काळ्या-पांढऱ्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. तेवढ्या पैशात एका शाळेत किती रंगीत चित्रपुस्तके येतील, याचा हिशेब कोणतेही ग्रंथपाल तोंडी करून देतील.

‘आज कमी असेल, पण तंत्र सुधारतेच आहे,’ हा आक्षेप खरा आहे. २०२० च्या पहिल्या कॅलिडोत रंगीत ठिपके इंचाला १०० होते, दोन वर्षांत ते १५० झाले. किमतीतले अंतरही सगळीकडे मोठे नाही: २०२४ मध्ये कोबोच्या लहान यंत्राचा काळा-पांढरा आणि रंगीत अवतार यांत अमेरिकेत अवघ्या २० डॉलरचा फरक होता. तेव्हा केवळ महाग म्हणून रंगीत नको, असे मी म्हणत नाही. पण सुधारणा वेगाने होत असेल, तर ते थांबण्याचे कारण आहे, घाई करण्याचे नव्हे. माणसाला यंत्र जुने झाले तर विकून नवे घेता येते. सरकारी जडसंग्रह नोंदवहीत एकदा चढलेली वस्तू निर्लेखित व्हायला किती सह्या लागतात, हे या समितीला मी सांगायला नको. आणि रंगाच्या मागे लागले की पुढची पायरी ठरलेली असते: रंग आहे तर व्हिडिओ का नाही, अ‍ॅप का नाही? मग घेतलेला तो ई-रीडर उरत नाही, मंद चालणारा टॅब होतो. टॅब तर मुलांकडे आहेतच.

या जिल्ह्यात यंत्राचा विषय निघाला की कुणीतरी गांधींना मध्ये आणणारच, म्हणून मीच आणतो. पण यंत्रविरोधासाठी नव्हे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी वाचल्या तर निविदा कशी लिहावी याचा तो नमुनाच वाटतो. यंत्र भारतात बनावे आणि त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी; खेड्यातल्या बाईला ते आठ तास न थकता चालवता यावे; नीट देखभाल केली तर वीस वर्षे टिकावे; दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. यंत्र नको असे तिथे कुठेच नाही. यंत्र कुणासाठी, किती दिवस आणि बिघडल्यावर काय, हे मात्र आधी विचारले आहे. हीच फूटपट्टी ई-रीडरला लावा. वीस वर्षे कोणतेच टिकणार नाही, पण बॅटरी बदलता येते का, पडदा मिळतो का, हे विचारता येते. कोबोने २०२४ च्या यंत्रांसाठी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग देण्याची व्यवस्था केली. बहुतेक यंत्रे मात्र बंद डबीच असतात. मोबाइल दुरुस्तीची दुकाने वर्ध्यात गल्लोगल्ली आहेत, पण ई-शाईचा पडदा तडकला की तो सांधता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. तापमानाचे तर विचारूच नका. किंडलसाठी कंपनीने सांगितलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या पलीकडे जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या अभ्यासिकेत काय होत असेल ते निराळेच.

एवढे सांगूनही खरी अडचण यंत्रात नाही. घोडे पेंड खाते ते मजकुरापाशी. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे आली, तेव्हा आता मराठी वाचन डिजिटल होणार असे पुष्कळांना वाटले. पण मराठी प्रकाशकांनी दोन-तीन दशके ज्या फाँटांत पुस्तके जुळवली, ते युनिकोडचे, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेताचे, नव्हते. त्या फायली यंत्रावर सरळ उघडल्या तर अक्षरांऐवजी चिन्हांचा काला दिसतो. जुनी पुस्तके स्कॅन झाली आहेत, पण ती पानांची छायाचित्रे आहेत. त्यांतले अक्षर मोठे होत नाही, शोधता येत नाही. संगणकाला ती ओळखायला लावले, की ‘घ’ चा ‘ध’ होतो, ‘भ’ चा ‘म’ होतो आणि जुन्या छपाईतले अनुस्वार गळतात. माणसाने बसून तपासल्याशिवाय पुस्तक तयार होत नाही. दुसरी अडचण मालकीची. कंपनीच्या दुकानातून घेतलेले ई-पुस्तक बहुतेकदा विकत मिळत नाही, वाचायचा परवाना मिळतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून घेण्याची सोयही तिने बंद केली. वाचनालयाने ज्या पुस्तकावर शिक्का मारायचा, ते त्याच्या कपाटात राहील याची हमी नसेल, तर त्या खरेदीला ग्रंथखरेदी कसे म्हणावे?

आणि इथेच वर्धा जिल्ह्याला एक काम करता येण्याजोगे आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुले होते. गांधींचे लेखन २००९ पासून खुले आहे, साने गुरुजींचे २०११ पासून. तुकडोजी महाराजांचे १ जानेवारी २०२९ ला होईल. विनोबांचे व्हायला २०४३ उजाडेल, पण परवानगी मागायला त्यांच्या आश्रमाचे पवनार काही लांब नाही. (गांधींच्या मराठी अनुवादांवर अनुवादकांचा हक्क वेगळा असतो, एवढे भान ठेवावे लागेल.) अशी पुस्तके शुद्ध युनिकोड मजकुरात, अक्षर मोठे-लहान होईल अशा खुल्या स्वरूपात तयार करणे हे महाविद्यालयीन मुलांना मानधन देऊन, निवृत्त शिक्षकांकडून तपासून घेऊन, दोन-तीन वर्षांत होण्यासारखे काम आहे. एकदा केले की ते कोणत्याही यंत्रावर चालते, मोबाइलवरही. महाराष्ट्रभर चालते, आणि बॅटरी गेली म्हणून निर्लेखित करावे लागत नाही. १९६९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या वर्ध्याला हे काम परके नाही. २०२२ च्या अखेरीस राज्याने ग्रंथालयांचे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले, तरी ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची ओढाताण संपलेली नाही. असे काम एकेकट्या वाचनालयाला झेपणारे नाही, ते जिल्ह्यानेच उचलावे लागेल.

तरीही यंत्रखरेदीचा प्रस्ताव आलाच, तर माझ्या विनंत्या अशा. आठ तालुक्यांच्या वाचनालयांत मिळून थोडीच यंत्रे घ्या, काळी-पांढरी आणि शक्य तितक्या मोठ्या पडद्याची, आणि वडीलधाऱ्यांना ती घरी न्यायची मुभा द्या. कंपनीच्या दुकानाशिवाय, बाहेरून टाकलेले पुस्तक उघडते का, ते पाहा. बॅटरी बदलून मिळेल का, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे लेखी घ्या. ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘उद्घाटन’, ‘तऱ्हा’ हे चार शब्द यंत्रावर धड उमटतात का ते विक्रेत्यासमोर तपासा. ज्यावर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो ते परत करा. निवड समितीत एखादे ग्रंथपाल आणि साठीच्या पुढचा एखादा वाचक असू द्या. आणि चाचणी नियोजन भवनाच्या थंड सभागृहात नको. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, हिंगणघाट किंवा आर्वीच्या वाचनालयात घ्या, आणि त्या वेळी लाइन गेलेली असली तर उत्तमच.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक वाचक